एल्कची शिकार: परवानाधारक आणि मदतनीस

एल्क हे उत्तर अमेरिकेतले मूसखालोखाल मोठे हरीण. पूर्ण वाढीचा नर सुमारे ३२० किलोचा भरतो आणि मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक सांबरांना मागे टाकणारे हे जनावर आहे. नराची शिंगे हिवाळ्याच्या शेवटी गळतात आणि उन्हाळ्यात नवी येतात. सप्टेंबरात समागमाचा हंगाम असतो. तेव्हा नर लांबवर ऐकू जाणाऱ्या तीक्ष्ण आवाजात साद घालतात, एकमेकांशी झुंजतात आणि माद्यांचे कळप राखतात. ऑक्टोबर उजाडेपर्यंत ते थकलेले असतात आणि कळप सोडून दाट झाडीत एकेकटे शिरतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत रायफलच्या शिकारीचा हंगाम बहुतेक ठिकाणी याच सुमारास उघडतो. जनावर गप्प झालेले असते, झाडीत दडलेले असते आणि शिकाऱ्यांच्या वर्दळीने सावध झालेले असते. धनुष्यबाणाने शिकार करणारे सप्टेंबरात नराच्या सादेवर विसंबू शकतात. रायफलवाल्याला पायपीट आणि दुर्बीण यांवरच भिस्त ठेवावी लागते.

या शिकारीचे सर्वांत बोलके उदाहरण वायोमिंग राज्यात सापडते, कारण तिथे शिकाऱ्यासोबत जाणाऱ्या मदतनिसाचा प्रश्न थेट कायद्यात आला आहे. राज्याची जवळजवळ निम्मी जमीन संघराज्य सरकारच्या ताब्यात आहे: राष्ट्रीय वने, भूमी व्यवस्थापन विभागाची गवताळ माळराने, राष्ट्रीय उद्याने. उद्यानांत शिकारीला सहसा बंदी असली तरी वनांत आणि माळरानांवर कोणालाही फुकट जाता येते. यांपैकी १५ प्रदेश, मिळून सुमारे ३० लाख एकर, १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेले आहेत. तिथे रस्ता नाही, मोटार नाही, सायकलही नाही. मांस वाहून आणायची दोनचाकी हातगाडीसुद्धा चालत नाही. माणूस किंवा खोगिराचे जनावर, एवढीच वाहने. अशा राखीव प्रदेशात परराज्यातल्या माणसाने मोठ्या जनावराची शिकार करायची, तर सोबत परवानाधारक व्यावसायिक गाइड हवा किंवा वायोमिंगचा रहिवासी हवा, असे राज्याचा कायदा सांगतो. रहिवाशाला त्यासाठी वेगळा परवाना विनामूल्य मिळतो. वर्षात दोनपेक्षा जास्त जणांना तो नेऊ शकत नाही आणि मोबदला म्हणून काहीही घेऊ शकत नाही.

इथे दोन भूमिका समोरासमोर येतात. एक परराज्यातून आलेल्या शिकाऱ्याची. त्याने कित्येक वर्षे प्राधान्य गुण साठवून सोडतीत परवाना मिळवलेला असतो. दुसरी भूमिका त्याच्या मित्राची. तो वायोमिंगचा रहिवासी, स्वतः आयुष्यभर शिकार केलेला, पण या वेळी रायफल न घेता पाठपिशवी घेऊन निघालेला. दोघांचे भांडण नाही. तरी एकाच डोंगराकडे ते सारख्या नजरेने पाहत नाहीत.

पहिला मतभेद कायद्यावरच होतो.

शिकारी: हा नियम मला पटत नाही. याच राखीव जंगलात मी एकटा महिनाभर भटकू शकतो, मासे धरू शकतो, रानकोंबडे मारू शकतो. एल्कचा परवाना खिशात आला की मात्र मी एकाएकी वाट चुकणारा ठरतो! ही जमीन संघराज्याची आहे, तिच्यावर माझा तुझ्याइतकाच हक्क आहे. गाइडचा धंदा चालावा एवढ्यासाठी हा नियम केलेला आहे.

मदतनीस: जमीन सगळ्या देशाची, हे खरे. पण जनावर राज्याच्या विश्वस्तपणाखाली आहे आणि ते कोणी, किती, कसे मारायचे हे राज्य ठरवते. सुरक्षिततेचा मुद्दा लंगडा आहे, हे मी मान्य करतो. डोंगरात माणूस शिकार न करताही मरतो. पण तू एकटा जाऊन सहा मैल आत नर पाडलास, तर पुढे काय करणार? फिरस्त्याच्या पाठीवर त्याचेच सामान असते. शिकाऱ्याला एक अख्खे जनावर खाली आणायचे असते.

शिकाऱ्याचा युक्तिवाद तर्काने भक्कम आहे. नियमाची सुरक्षिततेची बाजू तोकडी आहे आणि आउटफिटर, म्हणजे शिकारीच्या सहली चालवणाऱ्या मंडळींना त्याचा फायदा होतो, हे कोणाला नाकारता येणार नाही. भाड्याने गाइड घेऊन आठवडाभराची घोड्यांवरची शिकार करायची, तर हजारो डॉलर मोजावे लागतात. परराज्यातल्याला एल्कचा परवानाच सातशे डॉलरच्या आसपास पडतो. रहिवाशाला तोच साठ डॉलरच्या आत मिळतो. सार्वजनिक जमिनीवरची शिकार ही सामान्य कमाईच्या माणसाची शिकार, असे अमेरिकेत अभिमानाने सांगितले जाते. तिला या नियमाने छेद जातो. विनामोबदला मदतनीस ही त्यातली एकमेव फट आहे आणि ती मैत्रीवर किंवा नात्यावर चालते. तरीही मदतनिसाचा प्रश्न कायद्याहून खोल जातो. राखीव प्रदेशाबाहेर, जिथे सोबतीची सक्ती नाही तिथेही तो शिकाऱ्यापुढे उभाच राहतो.

जमिनीपर्यंत पोचणे हीसुद्धा वायोमिंगमध्ये साधी बाब नाही. १८६२ पासूनच्या रेल्वे कायद्यांनी लोहमार्गालगतची जमीन एक आड एक चौरस मैलाच्या तुकड्यांनी कंपन्यांना दिली. त्यातून बुद्धिबळाच्या पटासारखी मालकी तयार झाली: एक घर खासगी, शेजारचे सरकारी. सरकारी घरांचे फक्त कोपरे एकमेकांना भिडतात. त्या कोपऱ्यावरून पाय टाकून पलीकडे जाणे अतिक्रमण ठरते का, हा वाद २०२१ मध्ये पेटला. मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क मौंटनजवळ कोपऱ्यावर शिडी उभी केली आणि खासगी मातीला पाय न लावता पलीकडे उतरले. फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले, पण जमीनमालकाने दिवाणी दावा लावला. २०२५ मध्ये दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. त्याला १८८५ चा सार्वजनिक जमिनीला बेकायदा कुंपण घालण्याविरुद्धचा कायदा आधार ठरला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. लाखो एकर सरकारी जमीन अशा कोपऱ्यांआड अडकलेली असल्याने, पश्चिमेतल्या शिकाऱ्यांच्या दृष्टीने हा निकाल कोणत्याही नव्या रायफलीपेक्षा मोलाचा आहे.

तयारीचा भाग थोडक्यात सांगता येतो. परवान्याचा अर्ज परराज्यातल्याला हिवाळ्यातच करावा लागतो. १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. अंगावर झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंगाचा निदान एक कपडा वरून दिसेल असा हवा. हरणाला तो रंग माणसासारखा उठून दिसत नाही; तो असतो दुसऱ्या शिकाऱ्यासाठी. १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी या काळात विमानातून किंवा ड्रोनने जनावरांचा ठाव घ्यायला बंदी आहे. रायफल .२७० विंचेस्टर किंवा .३०-०६ अशा जुन्या, खात्रीच्या काडतुसाची असली तरी पुरते. वायव्य वायोमिंगमध्ये ग्रिझली अस्वले असल्याने मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याची डबी दोघांच्याही पट्ट्याला, झटकन हाती येईल अशी अडकवलेली असते. अन्न जमिनीपासून दहा फूट उंच आणि झाडाच्या खोडापासून चार फूट दूर टांगायचे, नाहीतर अस्वल उघडू शकणार नाही अशा पेटीत ठेवायचे.

शोधाला पहाटे अंधारातच सुरुवात होते. एल्क रात्री उघड्या कुरणांत चरतात आणि उजाडता उजाडता उत्तरेकडच्या, सावलीच्या, दाट फर व स्प्रूसच्या उतारांवर परततात. मधली पाऊण-एक तासाची वेळ शिकाऱ्याची. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडता येते. डोंगरधारेच्या किंचित खाली, आकाशाच्या पार्श्वभूमीवर आकृती उमटणार नाही अशा जागी बसून समोरचा उतार दुर्बिणीने वाफ्यावाफ्याने विंचरायचा. अख्खे जनावर क्वचितच दिसते. दिसते ते झाडांमधले पिवळट ढुंगण, एखाद्या फांदीची जरा जास्तच नितळ रेघ, पाठीचा आडवा कणा. मदतनिसाची पहिली खरी कामगिरी इथे असते. दोन माणसे दोन उतार पाहू शकतात, आणि एक जण वाऱ्यावर लक्ष ठेवू शकतो. सकाळी थंड हवा दरीत उतरते, ऊन चढले की ती वर वाहू लागते. ही उलथापालथ कधी होईल ते ओळखता आले नाही, तर माणसाचा वास कळपापर्यंत पोचतो आणि कळप मैलोगणती दूर निघून जातो.

आपल्याकडच्या संस्थानी शिकारीत मदतनीस म्हणजे हाकारे. शेकडो माणसे जंगल पिंजून जनावर मचाणाकडे लोटत आणि चाप ओढणारा वर बसलेला असे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो इतिहास संपवला. अमेरिकेतल्या सार्वजनिक जमिनीवरच्या शिकारीची आचारसंहिताही मदतनिसाच्या कामाला हद्द घालते. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘रास्त पाठलागा’चे संकेत घालून दिले. रेडिओ किंवा फोनवरून शिकाऱ्याला जनावराकडे वळवणे त्यांत बसत नाही. मदतनीस शेजारी बसून पाहू शकतो, माग काढू शकतो, कुजबुजून सांगू शकतो. पण दुसऱ्याच्या परवान्यावर तो गोळी झाडू शकत नाही. ज्याचा परवाना, गोळीही त्यानेच झाडायची.

गोळी झाडण्याच्या क्षणी दोघांतला सगळ्यात टोकाचा मतभेद वर येतो. एल्कचे हृदय आणि फुप्फुसे खांद्यामागे, छातीच्या खालच्या दोन तृतीयांश भागात असतात. जनावर आडवे उभे असेल तर नेमाला जेमतेम फूटभर व्यासाची जागा मिळते. आजच्या रायफली, लेझर अंतरमापक आणि दुर्बिणीवरचे आकडे फिरवायचे गोल यांमुळे सहाशे यार्डांवरचा लोखंडी पत्रा सरावाने भेदता येतो.

शिकारी: मी वर्षभर सहाशे यार्डांवर सराव केला आहे. माझे काडतूस त्या अंतरावरही पुरेशा जोराने लागते. कुरण ओलांडून जवळ जायचा प्रयत्न केला, तर वारा फिरेल आणि हाती आलेले निसटेल. सात वर्षांच्या गुणांवर मिळालेली ही एक संधी आहे.

मदतनीस: पत्रा हलत नाही. सहाशे यार्डांवर गोळी पोचायला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात नराने एक पाऊल टाकले तर छातीऐवजी पोटात लागेल. शिवाय या दरीत वारा तीन ठिकाणी तीन दिशांना वाहतो आणि तुझे यंत्र फक्त तुझ्या गालाजवळचा मोजते. मला घाई नाही. आज मिळाला नाही तर उद्या बघू.

शिकारी: उद्या तो तिथे नसेल.

मदतनीस: नसू दे. जखमी होऊन त्या झाडीत शिरला तर आपण दोघे तीन दिवस रक्ताचे थेंब शोधत फिरू, आणि तरी सापडेलच असे नाही. तो शोध तुला एकट्याला करायचा नाही, मलाही करायचा आहे. म्हणून मला बोलण्याचा हक्क आहे.

या ठिकाणी मदतनिसाचे म्हणणे उजवे ठरते. त्याच्या अंगी अधिक कौशल्य आहे म्हणून नव्हे, तर गोळीच्या परिणामांचा निम्मा बोजा तो उचलणार आहे म्हणून. एकटा शिकारी स्वतःच्या उतावीळपणाला स्वतःच आवर घालतो, म्हणजे पुष्कळदा घालत नाही. सोबतीला माणूस असला की अंतर, कोन, उतरता उजेड आणि पुढची चढण यांचा विचार मोठ्याने करावा लागतो. व्यावसायिक गाइडला गिऱ्हाइकाने जनावर मारलेले हवे असते, कारण त्याच्या नावलौकिकाची गाठ त्याच्याशी असते. विनामोबदला आलेल्या मित्रावर ते ओझे नसते. ‘नको, थांब’ असे तो मोकळेपणाने म्हणू शकतो. वायोमिंगच्या कायद्याने मोबदल्यावर घातलेली बंदी बहुधा गाइडांच्या धंद्याला आच लागू नये म्हणून असेल. पण तिच्यामुळे असा एक निःस्वार्थ साक्षीदार शिकारीत आला, हे तिचे फार मोठे फलित मानायला हवे.

गोळी लागल्यावर धावत सुटायचे नाही. फुप्फुसात लागली असेल तर रक्त गुलाबी आणि फेसाळ असते, जनावर शे-दोनशे पावलांत कोसळते. गडद, काळसर रक्त यकृताचे. त्यात हिरवट कण दिसले तर गोळी पोटात गेली आहे, आणि अशा जनावराच्या मागे लगेच लागले तर ते आणखी दूर जाऊन दडते. कित्येक तास थांबून मगच माग काढावा लागतो. एक जण शेवटच्या थेंबाशी उभा राहतो आणि दुसरा पुढचा शोधतो. एकट्याला या कामी खुणेच्या फिती बांधत जावे लागते आणि नजर सतत मागे-पुढे न्यावी लागते.

जनावर सापडले की सगळ्यात आधी परवान्याचे कूपन. त्यावर तारीख आणि सही घालून ते जागा सोडण्यापूर्वी जनावराला जोडावे लागते. मग खरे काम सुरू होते, आणि शिकारीच्या वर्णनांत त्याला अगदी थोडी जागा मिळते. एल्कचे कातडे जाड आणि केस दाट असतात. आतली ऊब बाहेर पडत नाही. मागच्या मांडीच्या सांध्यापाशी, हाडाभोवती ही ऊब सर्वांत जास्त टिकते आणि थंड दिवसातही मांस आतून आंबते. म्हणून कातडे ताबडतोब सोलायचे. पूर्वी आधी पोट उघडून कोथळा बाहेर काढत. आता पुष्कळ शिकारी पोट न फोडताच, जनावर कुशीवर ठेवून एका बाजूचे कातडे काढतात. पुढचा पाय खांद्यासह, मागचा मांडीसह आणि कण्यालगतचे पाठीचे मांस उतरवून श्वास घेणाऱ्या कापडी पिशव्यांत भरतात, आणि मग जनावर उलटवून दुसरी बाजू घेतात. तीनशे किलोचे धूड उतारावर एकट्याने उलटवणे म्हणजे कंबर मोडण्याचे काम. इथे मदतनीस नुसता पाय धरून उभा राहिला तरी तासाभराचे श्रम वाचतात आणि सुरी हातावरून घसरण्याचा धोका कमी होतो.

ग्रिझलीच्या मुलखात याच वेळी जिवाचा धोका सर्वाधिक असतो. २०१८ च्या सप्टेंबरात टेटन वाइल्डरनेसमध्ये, धनुष्यबाणाने मारलेला एल्क कापत असताना अस्वलाच्या हल्ल्यात एका गाइडचा मृत्यू झाला. तिथले जाणते लोक आदल्या संध्याकाळी मारलेल्या जनावराकडे सकाळी परतताना उंचावरून, वाऱ्याची दिशा पाहून, आवाज करत जातात. एक जण सुरी चालवतो, दुसरा उभा राहून झाडीवर लक्ष ठेवतो. मांसाच्या पिशव्या आतड्यांपासून लांब, उघड्यावर, दुरून दिसतील अशा जागी नेऊन ठेवतात.

आता वजनाचा हिशोब. मोठ्या नराचे हाडे काढलेले मांस साधारण ऐंशी ते शंभर किलो भरते. नव्वद किलो धरले आणि रस्ता पाच किलोमीटरवर असला, तर एकट्याला तीस-तीस किलोच्या तीन खेपा पडतात. ओझे घेऊन तीनदा खाली आणि रिकाम्या हाताने दोनदा वर, म्हणजे पंचवीस किलोमीटर. समुद्रसपाटीपासून अडीच-तीन हजार मीटर उंचीवर, पडलेल्या झाडांवरून. दोघे असले तर प्रत्येकी दोन खेपा आणि पंधरा किलोमीटर, तेही दुसरी खेप हलकी. एकट्याची तिसरी खेप बहुधा दुसऱ्या दिवसावर जाते. रात्रभर झाडीत राहिलेल्या मांसाचा वास अस्वलाला लागतो आणि दुपारचे ऊन तापले तर ते नासायला लागते.

हे फक्त सोयीचे गणित नाही. वायोमिंगच्या कायद्यानुसार खाण्याजोगे मांस टाकून देणे गुन्हा आहे: पुढच्या पायांचे गुडघ्यापर्यंतचे, मागच्यांचे घोट्याच्या सांध्यापर्यंतचे आणि कण्यालगतचे. शिंगे घेऊन मांस सोडणाऱ्याला शिक्षा होते. तेव्हा शिकाऱ्याने किती आत जायचे हे त्याच्या पायांतल्या ताकदीवर किंवा रायफलीच्या पल्ल्यावर ठरू नये. किती किलो मांस किती तासांत खाली आणता येईल, यावर ते ठरायला हवे. मदतनिसामुळे ही हद्द वाढते. पण ती अमर्याद वाढत नाही, आणि मित्राच्या गुडघ्यांवर आपली हद्द वाढवायची का, हा प्रश्न शिकाऱ्याने निघण्यापूर्वीच विचारायला हवा. खोगिराची खेचरे असली तर गणित बदलते; त्यांच्यासाठी मात्र वनांत तणाच्या बिया नसल्याची खात्री असलेला चाराच न्यावा लागतो.

तळावर पोचल्यावर दोघांचा जुना वाद पुन्हा निघतो. या वेळी विषय असतो शिकारीची आवश्यकता.

शिकारी: माणसाने शिकार केली नसती तर आज एल्क उरलेच नसते. गोरे लोक येण्यापूर्वी एक कोटी एल्क होते असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक लाखही उरले नव्हते. ते बाजारासाठी मारले गेले, दातांसाठी मारले गेले. १९०० चा लेसी कायदा, मांसविक्रीवरची बंदी आणि परवान्यांची पद्धत यांनी त्यांना वाचवले. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि १९३७ पासून हा कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो. आज दहा लाखांच्या आसपास एल्क आहेत, वायोमिंगमध्येच एक लाखाहून जास्त.

मदतनीस: पैसा आला, हे मान्य. पण तो कर जन्मात जनावर न मारलेले नेमबाजही भरतात. आणि संख्या आटोक्यात ठेवणे हाच तुझा मुद्दा असेल, तर नराचा परवाना कशाला काढलास? कळपाची वाढ माद्यांवर ठरते. एक नर कमी झाला तर पुढच्या उन्हाळ्यात पाडसे तेवढीच जन्मतात. मादीचा परवाना स्वस्तही असतो आणि सोडतीत सहज मिळतो.

शिकारी: मला नराची शिंगे हवी होती, हे मी लपवत नाही. पण मांसाचा एक तुकडा मी टाकणार नाही. कत्तलखान्यातल्या गाईपेक्षा हे जनावर चांगले जगले आणि लवकर मेले.

मदतनीस: लवकर मेले, कारण आपण तीनशे यार्डांच्या आत गेलो.

शिकारी: ते खरे आहे. पण तू स्वतः इतकी वर्षे मारलेस ना?

मदतनीस: मारले. थांबलो ते एल्क कमी पडले म्हणून नव्हे. लांडगे परतल्यावर जनावरांचे वागणे बदलले आणि मला पाहण्यातच जास्त गोडी वाटू लागली.

लांडग्यांचा उल्लेख या चर्चेत टाळता येत नाही. यलोस्टोन उद्यानातून ते १९२० च्या दशकात संपवले गेले होते. त्यानंतर उत्तर यलोस्टोनचा एल्क कळप इतका वाढला की १९६१–६२ च्या हिवाळ्यात उद्यानाच्या रक्षकांनी स्वतः चार हजारांहून जास्त एल्क मारले. लोकक्षोभ झाला आणि त्या दशकात ती पद्धत बंद पडली. १९९५ व १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले लांडगे उद्यानात सोडण्यात आले. १९९४ मध्ये एकोणीस हजारांच्या घरात असलेला तो कळप २०१३ पर्यंत चार हजारांच्या आसपास आला. शिकारी संघटना याचे खापर लांडग्यांवर फोडतात. पण अस्वले, पर्वतसिंह, दुष्काळ आणि उद्यानाच्या सीमेबाहेर माद्यांची मोठ्या प्रमाणावर झालेली शिकार, या सगळ्यांचाच त्यात हात होता. लांडगे प्रामुख्याने पाडसे आणि म्हाताऱ्या माद्या उचलतात; रायफल पुष्कळदा ऐन उमेदीतले जनावर घेते. माणूस लांडग्याची जागा भरून काढतो, हे शिकाऱ्यांचे आवडते म्हणणे म्हणूनच अर्धवट खरे आहे. संख्या तो कमी करू शकतो; निवड मात्र तो उलटी करतो.

शिसे हा विषय दोघांना तितकासा वादाचा वाटत नाही. शिशाची गोळी हाडावर आदळून फुटते, तिचे बारीक कण आतड्यांच्या ढिगात राहतात, आणि ते खाऊन सोनेरी गरुड, डोमकावळे यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली. वायोमिंगमध्ये बंदी नाही. तांब्याची गोळी वापरणे शिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. आता त्या गोळ्या अचूकतेत मागे नाहीत आणि मांसातही शिसे उतरत नाही. मर्जीवर न सोडता हा नियमच व्हायला हवा, असे म्हणायला भरपूर जागा आहे.

रोगाची बाजू अधिक गंभीर आहे. ‘क्रॉनिक वेस्टिंग’ हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग १९६७ मध्ये कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या बंदिस्त हरणांत प्रथम आढळला आणि १९८१ मध्ये रानातल्या एल्कमध्ये. तो वाकड्या घडीच्या प्रथिनांमुळे होतो, त्यावर लस नाही, उपचार नाही, आणि ती प्रथिने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पश्चिम वायोमिंगमध्ये हिवाळ्यात एल्कना गवत घालण्याची पद्धत शतकभराची आहे. १९१२ मध्ये जॅक्सनजवळ राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान स्थापन झाले तेही कळप उपासमारीने मरत होते म्हणूनच. त्या काळी तो दयेचा निर्णय होता. आता हजारो जनावरांनी एका ठिकाणी नाकाला नाक लावून खाणे म्हणजे रोगाला आमंत्रण, असे वन्यजीवशास्त्रज्ञ सांगत आहेत. कळप घटतील या भीतीने शिकारी आणि आउटफिटर चारावाटप थांबवू देत नाहीत. मदतनीस ते हळूहळू बंद करावे या मताचा आहे; शिकारी म्हणतो, पुढच्या पिढीला परवानेच उरणार नाहीत. या वादाचा निकाल दोघांच्या तळावर लागणारा नाही.

त्यांच्या हाती असते ते मोजके आणि स्पष्ट. घशामागच्या लसिका ग्रंथी काढून तपासणीला द्यायच्या. डोके आणि कणा मारल्या जागी सोडायचा किंवा ठरवून दिलेल्या कचराभूमीत टाकायचा. परराज्यात हाडे काढलेले मांसच न्यायचे. अहवाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवायचे आणि रोग आढळला तर खायचे नाही. मांस विकणे गुन्हा असले तरी भेट देता येते. त्यामुळे शिकारी आणि मदतनीस यांच्यातली वाटणी ठरावाने होत नाही. बहुतेक वेळा ती शीतपेटीच्या झाकणावर, पिशव्या उघडून, हाताला येईल तशी होते. हंगाम संपल्यावर राज्याचे वन्यजीव खाते परवानाधारकाला शिकारीची माहिती भरायला सांगते: किती दिवस गेले, कोणत्या विभागात, नर की मादी, मिळाले की नाही. पुढच्या वर्षीचे परवाने ठरवताना ही उत्तरे हिशोबात घेतली जातात. मदतनिसाच्या दिवसांसाठी त्या प्रश्नावलीत रकाना नाही.